उंबरडोहचे दुसरे वर्ष

मी ज्या गावाचा नाही, किंबहुना जे गाव मी डोळ्यांनी कधी पाहिलेही नाही, त्या गावाचे रस्ते मला तोंडपाठ आहेत. नदीवरून वर यावे तो प्रथम धुण्याचा खडक, मग कुंभारआळी, तिला लागून चावडी, चावडीपलीकडे देऊळ, आणि सर्वांच्या पाठीमागे वेस. या मार्गाने मी मनातल्या मनात अनेकदा गेलो आहे. वास्तविक मी नगर जिल्ह्यातला. पोटापाण्यासाठी देहूरोडला आलो आणि कँटोन्मेंटच्या कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहू लागलो, तेव्हा त्या गावाचा दगडही जागेवर उरला नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती सारी जमीन एका लष्करी डेपोसाठी घेतली गेली, घरे उतरवली गेली आणि भोवती तारेचे कुंपण पडले. गावकऱ्यांना रेल्वे फाटकापलीकडे माळावर जागा मिळाली. तिला सरकारी कागदात 'नवी वस्ती' म्हणत. पुढे वस्तीतली माणसेही पांगली. कोणी काळेवाडीला गेले, कोणी भोसरीला, आणि बहुतेक जण त्याच डेपोत मजूर म्हणून लागले.

गावाचे नाव उंबरडोह. मला त्याचा भूगोल शिकवला तो आबांनी, आणि शिकवला तो फुटबॉलच्या मैदानावर.

आबा म्हणजे नव्या वस्तीतले एक वयस्क, उंच, हाडापेराचे गृहस्थ. धोतर, बाराबंदी, डोक्याला पागोटे आणि पायात काही नाही. वस्तीत त्यांच्या मालकीच्या पत्र्याच्या खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत त्यांच्या फुटबॉल संघातले तरुण राहत. संघाचा पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे मीही हळूहळू त्या संघातलाच झालो. खोली रिकामी झाली की आबा नव्या बिऱ्हाडकरूला एकच प्रश्न विचारीत, "डावा पाय चालतो का?" एका सालस शिंप्याला या प्रश्नाचा रोख न कळल्यामुळे त्याने आपल्याला कोणताही रोग नसल्याचे डॉक्टरचे पत्र आणून दाखवले होते. त्याला खोली मिळाली नाही.

फुटबॉलचे हे वेड त्यांना लागले कसे, हे मी एकदा त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "राइटरसायेब, तारंच्या आत माझं खळं व्हतं. त्या खळ्यावर गोरे सोजिर चेंडू खेळायचे. मी रोज तारंला धरून उभा. लोक म्हनायचे, म्हातारा खेळ बघतोय. मी कुटला खेळ बघतोय! मी खळं बघत व्हतो. पन बघता बघता खेळ बी डोळ्यांत शिरला, त्याला काय करायचं?"

या खेळाचे इंग्रजी शब्द त्यांनी कधी जिभेवर येऊ दिले नाहीत. गोलाच्या खांबांना ते वेस म्हणत. गोलरक्षक हा 'वेशीवरचा'. डाव्या बाजूने धावणारा तो 'नदीकडला', उजव्या बाजूचा 'देवळाकडला', आणि मध्यभागी उभा राहून सर्वांना चेंडू पुरवणारा तो 'चावडीवरचा'. सामन्यात ते रेषेबाहेरून ओरडत, "अरं, कुंभारआळीनं ये, कुंभारआळीनं! चावडीवर गर्दी झालीया!" प्रतिस्पर्धी संघाला यातले अक्षरही उमजत नसे, हा त्यातला एक फायदा. पण खरी मौज अशी की आमच्या खेळाडूंपैकी निम्मे सातारा, बीड, रत्नागिरीकडून आलेले होते. त्यांनीही ते गाव पाहिलेले नव्हते. तरी कुंभारआळी म्हटले की त्यांचे पाय बरोबर वळत.

एकदा बीडकडच्या एका चौकस पोराने शंका काढली. "आबा, हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. आता नदी तिकडं गेली की वो!"

आबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "नदी कुटं जात न्हाई. आपुन जिकडं तोंड करू तिकडं नदी डाव्या हाताला."

भूगोलाच्या दृष्टीने हे विधान सदोष होते. मी त्या वेळी तसे सुचवलेही. आता मात्र मला त्यात दोष दिसत नाही.

ऑफसाइडचा नियम त्यांनी अखेरपर्यंत मान्य केला नाही. "माणूस म्होरं जाऊन हुबा ऱ्हायला, त्यात त्यानं कुनाची जमीन घेतली?" असा त्यांचा सवाल असे. मी त्यांना अतिक्रमणाच्या कायद्याच्या आधाराने हा नियम समजावून दिला, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे अतिक्रमनाला शिट्टी वाजती? मग आमच्या वक्ताला कुनीच कशी वाजवली न्हाई?"

आमच्या माळावर सामना असला की मैदानाच्या रेषा आबा स्वतः आखीत. चुन्याची पाटी काखेत धरून, मुठीने चुना सोडीत, ते अनवाणी चालत. दोरी लावीत नसत, तरी रेघ सरळ येई. या कामाला त्यांचा शब्द होता 'शीव आखणे'. शीव आखून झाली की तिच्या आत सामना सुरू होईपर्यंत कोणी पाऊल टाकायचे नाही. एकदा पंचांनीच टाकले. "ओ टोपीवाले," आबा गरजले, "गावात शिरताना इचारायची रीत न्हाई का तुमच्याकडं?" पंचांनी निमूटपणे पाऊल मागे घेतले आणि आत येण्याची परवानगी मागितली. त्या दिवशी आम्हाला एक पेनल्टी मिळाली, तिचा या प्रकाराशी संबंध असावा असे माझे मत आहे.

आता या सर्व खटाटोपाचे मूळ सांगितले पाहिजे. उंबरडोह हे नाव कोठेच उरले नव्हते. नकाशावर तेथे डेपो होता. टपाल देहूरोडच्या नावाने येई. रेशनकार्डावर 'नवी वस्ती', पोरांच्या शाळेच्या दाखल्यावरही तेच. मात्र संघाचे नाव आबांनी 'उंबरडोह फुटबॉल क्लब' असे नोंदवले होते. पुण्याच्या लीगमध्ये जोवर आम्ही दुसऱ्या विभागात खेळत होतो, तोवर त्याचाही उपयोग नव्हता, कारण वर्तमानपत्र केवळ पहिल्या विभागाचे निकाल छापी. ज्या साली आम्ही बढती मिळून पहिल्या विभागात चढलो, त्या साली सोमवारच्या अंकात संघांच्या उतरंडीत, जुन्या नामांकित संघांच्या रांगेत, उंबरडोह हे नाव प्रथमच शाईने उमटले.

उमटले खरे, पण 'उंदरडोह' असे उमटले.

आबांना वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले आणि अडखळलो. ते ताडकन उठले. "उंदीर? आमच्या गावात?" मी तत्काळ टाक उचलला. संपादकांना लिहिलेला तो अर्ज माझ्या हातून उतरलेल्या उत्तम लेखनांपैकी एक आहे. 'सदर ग्राम आज भूतलावर अस्तित्वात नसल्याने त्याची सर्व अब्रू आपल्या खिळेजुळाऱ्याच्या हाती आहे, याची आपणांस नम्र जाणीव करून देणे प्राप्त झाले आहे', असे त्यात एक वाक्य होते. पुढच्या सोमवारी नाव बिनचूक आले. आबांनी त्या अक्षरांवर बोट ठेवले आणि बोट न उचलता विचारले, "आपुन हरलो का जितलो?"

"हरलो, आबा. चार गोलांनी."

"हरू दे. हरनाऱ्याचं बी नाव छापावंच लागतं. न्हाई तर तो जितला कुनाला?"

पहिल्या वर्षी आम्ही तळाच्या थोडे वर राहिलो आणि टिकलो. वस्तीत पेढे वाटले गेले. डेपोतले जुने मजूर, ज्यांनी गाव उठल्यापासून त्याचा विषय काढला नव्हता, ते माझ्या टेबलाशी येऊन 'आमच्या उंबरडोहने' अशी सुरुवात करून बोलू लागले. एकटे आबा उदास. मी कारण विचारले.

"आता दुसरं वरीस येनार," ते म्हणाले.

"पहिले निभावले, तसे दुसरेही निभावेल."

"न्हाई निभावत. पैल्या साली आपल्याला कुनी वळखत न्हाई, म्हनून आपुन टिकतो. पाव्हन्यावानी आलो, पाव्हन्यावानी खेळलो. दुसऱ्या साली समदे वळखत्यात. नदीकडला कसा येतो, देवळाकडला कुटं वळतो, समद्यांला ठावं झालं. आन् नुसतं ठावं व्हत न्हाई, राइटरसायेब. ज्यो चांगला दिसला त्याला घेऊन जात्यात."

दुसऱ्या वर्षाचा हा धसका त्यांनी सर्वत्र लावला. नवविवाहित जोडपे दिसले की "दुसरं वरीस लागलं का?" विहिरीला पाणी लागल्याचे कोणी कौतुकाने सांगितले की "फुडल्या साली सांग." माझ्या टेबलाचे कचेरीसमोर नीट बस्तान बसून कित्येक वर्षे झाली होती, तरी ते मला विचारीत, "तुमाला दुसऱ्या साली तरास झाला का?" मी विचार करून सांगितले की झाला होता. त्यांना फार समाधान वाटले.

आणि घडले त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच. पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने उभे राहत होते. एका कारखान्याचा वेल्फेअर ऑफिसर आमचे सामने पाहू लागला. पावसाळा संपता संपता तो वस्तीत आला. पँट, बुशशर्ट, बोलणे अतिशय गोड. मी त्या वेळी आबांच्या ओट्यावरच होतो.

"आबा, तुमची सगळी टीम मी घेतो," तो म्हणाला. "एकूणएक पोरगा कायम. टेम्पररी नाही, कायम. बूट, जर्सी, दूध, सगळं कंपनीचं. तुम्हालाही मानानं खुर्ची. फक्त टीमला नाव कंपनीचं राहील."

"आन् आमचं नाव?"

"आबा, रागावू नका, पण ते गाव आता आहे कुठं?"

"हाय की," आबा म्हणाले. "सोमवारी येत जा, दावतो."

ऑफिसर हसला, चहा पिऊन गेला. मला वाटले, विषय संपला. संध्याकाळी आबांनी सर्व खेळाडूंना अंगणात बसवले आणि कंपनीचा निरोप जसाच्या तसा सांगितला. एक शब्द गाळला नाही की पदरचा घातला नाही. डेपोत ते सारे हंगामी होते. अखेर देवळाकडला उठला. साताऱ्याचा, घरी आईवडील आणि तीन बहिणी.

"आबा, मी..." एवढेच तो म्हणाला.

"तोंड कशापायी पाडतोस? जा. कायम हो. बहिनींची लग्नं कर." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नाव मी देनार न्हाई. पोरं देतो."

त्याच्यामागून वेशीवरचा गेला, आणखी एक जण गेला. बाकीचे का राहिले, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि विचारले असते तर त्यांनाही सांगता आले असते असे वाटत नाही. रिकाम्या जागी वस्तीतली थोराड माणसे उभी करावी लागली. वेशीत एक जुने पैलवान उभे राहिले. ते चेंडू अडवण्यापेक्षा माणसाला अडवणे अधिक पसंत करीत.

त्या हंगामात आम्ही सतत तळाशी होतो. शेवटच्या क्रमांकाचा संघ खाली उतरतो, असा नियम. अखेरच्या सामन्याआधी स्थिती अशी झाली की बरोबरी साधली तर टिकतो, हरलो तर उतरतो. सामना रविवारी व्हायचा, पण आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला आणि मैदानात पाणी साचले, म्हणून तो पुढे ढकलून आठवड्याच्या मध्यावर खडकीच्या बाजूच्या एका मैदानावर ठेवला गेला. कामाचा दिवस. सर्वांच्या अर्ध्या रजेचे अर्ज मी लिहिले आणि सर्व मंजूर झाले, हे नमूद करतो.

प्रतिस्पर्धी होते शहरातल्या पेठांतले. कॉलेजातली मुले, बँकेतले कारकून, भांग पाडलेले. खेळ चांगला, पण त्यांना घाई नव्हती. आम्हाला होती. आमची माणसे त्या दिवशी ज्या इरेने खेळली, तिचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. नदीकडल्याने पूर्वार्धात गोल केला. उत्तरार्धात त्यांनी फेडला. पैलवानांनी एक चेंडू छातीवर घेतला, एक तोंडावर. आबा रेषेच्या कडेने अनवाणी धावत होते. "वेस धरा! वेस धरा! गाव आत हाय!" मी त्यांच्या मागे, छत्री व कागदांची पिशवी सांभाळीत. मीही ओरडत होतो. काय, ते आठवत नाही.

वेळ संपत आली होती. बरोबरी होती. चेंडू चावडीवरच्याच्या पायात होता आणि त्याला तो नुसता लांब भिरकावून द्यायचा होता.

इतक्यात जवळच्या कारखान्याचा भोंगा झाला. संध्याकाळच्या सुटीचा.

चावडीवरचा थांबला. त्याने चेंडूवर पाय ठेवला, मान खाली घातली आणि सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसले. आमचे बाकीचेही थांबले. कोणी कमरेवर हात ठेवले, कोणी घरी जाण्याच्या दिशेने वळले. डेपोत रोज त्या आवाजासरशी हातातले ओझे खाली ठेवण्याची सवय. ओझे जेथे असेल तेथे ठेवायचे आणि फाटकाकडे निघायचे. वेशीतले पैलवान तर पागोटे गुंडाळू लागले. तो भोंगा आमच्या डेपोचा नव्हता, पण भोंगे सारे एकाच आवाजाचे.

पेठेतल्या मुलांना भोंग्याची सवय नव्हती. त्यांच्यातल्या एकाने चावडीवरच्याच्या पायाखालून चेंडू काढून घेतला, रिकाम्या चावडीतून, रिकाम्या देवळावरून नेला आणि उघड्या वेशीत सोडला.

मग पंचांची शिट्टी झाली.

मी तत्काळ हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. 'भोंग्यामुळे निर्माण झालेल्या गैरसमजाचा' असा प्रारंभही केला. आबांनी कागदावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. त्यांनी काय वंगाळ केलं? ते खेळत व्हते."

चावडीवरचा मैदानात बसून लहान मुलासारखा रडत होता. "आबा, मी नाय थांबलो. पाय थांबले. देवाशपथ, पायच थांबले."

आबा त्याच्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी त्याचे बूट सोडले, मोजे उतरवले आणि त्याचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळू लागले.

"सक्काळधरनं भोंग्याचं ऐकायचं," ते म्हणाले, "सांजच्याला माझं ऐकायचं. पायांनी तरी कुनाकुनाचं ऐकावं, बाबा?"

पुढल्या हंगामात आम्ही दुसऱ्या विभागात खेळलो. वर्तमानपत्रात नाव येत नव्हते. सोमवारी सकाळी आबांची वाट पाहण्याची मला सवय झाली होती. तीन सोमवार ते आले नाहीत. त्या काळात माझे टेबल मला विनाकारण मोठे वाटे. चौथ्या सोमवारी आले आणि म्हणाले, "वाचा."

"आबा, आपले नाव नाही त्यात."

"ठावं हाय. दुसऱ्यांची वाचा. कुनाचं दुसरं वरीस हाय?"

पाहिले, तर पिंपरीच्या निर्वासित छावणीतल्या सिंधी मंडळींचा एक संघ आदल्या साली वर चढला होता. गेल्या हंगामात आम्ही त्यांच्याशी खेळलोही होतो, पण संघाचे नाव त्यांच्या सिंधमधल्या गावाचे आहे हे तेव्हा ध्यानात घेतले नव्हते. ते गाव सरहद्दीपलीकडे राहिलेले. हे मी सांगितल्यावर आबांनी ते नाव पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "रविवारी मोकळे हायसा का?"

रविवारी आम्ही दोघे त्यांच्या सामन्याला गेलो. छावणीतली बरीच माणसे जमली होती. आबा रेषेपासून थोडे अंतर राखून, न विचारता आत न जाण्याच्या बेताने, उभे राहिले. बाकावर बसलेल्या एका वयस्क सिंधी गृहस्थांनी, ते कापडाचे व्यापारी असावेत, वळून विचारले, "काका, किधर के?"

"उंबरडोह."

गृहस्थांनी आठवल्यासारखे केले. मग त्यांचा चेहरा उजळला. "उंबरडोह! अरे, वो भोंगेवाले! भोंगा बजा और खड़े रह गए, वही ना?"

मला हा उल्लेख अपमानास्पद वाटला आणि मी खाकरून पुढे झालो. आबांनी मला हाताने मागे सारले. बऱ्याच दिवसांनी त्यांचे तोंड हसरे दिसत होते.

"व्हय," ते म्हणाले. "त्येच आमी."

गृहस्थ बाकावर सरकले आणि त्यांनी बसायला जागा केली. थोडा वेळ दोघे मैदानाकडे पाहत राहिले. सिंधी गृहस्थांनी सुस्कारा सोडला. "दूसरा साल है हमारा. लोग बोलते हैं, दूसरे साल में टिकना मुश्किल. आपको क्या लगता है, टिकेंगे?"

आबांनी धावणारी ती पोरे एकेक करून निरखली.

"पोरं कामाला कुटं हायेत?"

"काम? अपनी अपनी दुकान है, काका. कोई कपड़ा, कोई पापड़."

"मग टिकाल," आबा म्हणाले. "दुकानाला भोंगा नसतो."